भावाचा चहा

वाटूर, पौष वद्य पंचमी, दिवेलागण

परतूर टेशनावरून निलगिरीच्या डोंगराकडून आलेली चहाची पिशवी आणली. धाकट्या भावाच्या सासऱ्याच्या छोट्या मळ्यातला चहा, घरच्यांनीच खुडलेला. चिठ्ठीत दरवर्षीचंच: "दादा, उकळू नका. आधणाचं पाणी ओतून झाकून ठेवा. गूळ बिलकुल घालू नका."

बायको मात्र रटरटा उकळायची, वर गुळाचा खडा. "नास केलास चांगल्या चहाचा," मी ओरडायचो. "मंग तुमीच करा की," ती म्हणायची. एवढं कशाला ओरडायचो?

ती गेल्यावरची ही पहिलीच पिशवी. आज मीच केला, बराबर चिठ्ठीप्रमाणं. रंग मधासारखा, वास घरभर. पण "बघ, असा करतात चहा," हे म्हणू कुणाला? दोन घोट घेतले. मग सगळा परत चुलीवर चढवला आणि गूळ शोधत बसलो. कुठं ठेवायची ती, मला ठाऊकच न्हाई.