सहा तुझे, सहा माझे

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटोफ्रेमचं दुकान बरं चाललंय. मालक जागा विकतोय, आणि महिनाअखेर पैसे भरले तर ती आपलीच. पण त्यासाठी आपण दोघांनी क्रिप्टोत ठेवलेली पुंजी निम्म्यावर आली आहे. काच कापतानाही फोनवर भाव बघतो.

काल क्रिप्टो कंपनीच्या मदत विभागातून एका गृहस्थाचा फोन आला. खातं गोठेल म्हणाले आणि खात्याचे बारा गुप्त शब्द मागितले. मी माझे सहा सांगितले. उरलेले बहिणीकडे म्हणून तुझा नंबर दिला. मी उतावळेपणाने कुणाला सगळे सांगू नयेत म्हणून शब्द वाटून घ्यायची अक्कल तुझीच, तेव्हा रागावू नकोस, फोन आला की सांगून टाक.

माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा

६ जून

चि. धांदल्यास,
अ. उ. आ.

बँकेच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना बजावते, गुप्त शब्द मागतो तो चोर. आणि घरातच हा दिवा. त्या गृहस्थाचा फोन आला होता, चांगला झापला. बारा शब्द जुळले की खातं कुठूनही उघडतं, बाबा. तुझ्या फोनवर ते उघडंच आहे, तेव्हा तोट्यात का होईना, आजच सगळं विकून पैसे बँकेत आण. भाव चढायची वाट बघू नकोस.

रागावले तरी लोभ उणा नाही.

ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक कळली. बायकोनेही चांगलंच सुनावलं. भाव जरा वर सरकतोय, म्हणून सोमवारपर्यंत थांबतो. तुझे सहा शब्द तुझ्यापाशी आहेत, मग भीती कसली?

कान धर, पण लोभ सोडू नकोस.

धाकटा

१० जून

चि. धांदल्यास,
अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून हाती नाही. सगळं विकलं असशील, अशी आशा करते.

सकाळी इस्पितळातून म्हणून एका बाईचा फोन आला. तू शिडीवरून पडलास, शुद्ध नाही, ऑपरेशनला पैसे लगेच हवेत, तुझ्या खिशात सहा शब्दांची चिठ्ठी सापडली, बाकीचे सांगा, असं ती रडत म्हणाली. वाटणी करताना पाहिलेले तुझे सहाही तिने बरोबर वाचून दाखवले. मग मी माझे सांगितले. एवढी घाबरले होते, तरी एकही चुकला नाही.

नंतर तुझ्या बायकोला फोन लावला. तू धडधाकट, दुकानात गिऱ्हाइकाशी हसत होतास. मागून तुझं हसणं ऐकलं, खरं सांगायची लाज वाटली, म्हणून फोन ठेवून हा कागद घेतला.

खातं उघडून बघ. आणि जमलं तर लोभ ठेव.

ताई