बाजाराला कोण जात न्हाई?

मस्तगड, जालना. शनिवार, मार्च १९५७

आज प्रश्न सापडला! मनोविकारांच्या पाहणीसाठी आठवडाभर तीर्थपुरीत दारोदार विचारत होतो, "घरात कुणाला वेडाचा आजार?" जिथं-तिथं एकच उत्तर, "बिलकुल न्हाई." पोरींची लग्नं व्हायचीत, हो कोण म्हणेल? आज विचारलं, "घरातलं बाजाराला कोण जात न्हाई?" धनगराची म्हातारी लगेच म्हणाली, "थोरला. दोन वर्षं झाली. माणसं दिसली की थरथरतो." मंग घरोघरी लोक बोलू लागले. पाहणीच्या डॉक्टरांना ठणकावून सांगणार, छापील प्रश्न बदला.

संध्याकाळी घरी येऊन आईला फुशारकीनं हाच प्रश्न सांगितला. ती भाकरी थापायची थांबली.

"तुझी वहिनी शेवटची कधी गेल्ती रे बाजाराला?"

मला आठवेना.

सोमवारी नव्या प्रश्नाचा पहिला कागद आमच्याच घरचा भरणार.