मागच्या बाकावरून एक दुरुस्ती

२३ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या पाहुण्या. प्राचार्यांनी दुभाषी म्हणून मलाच धरलं, कारण कॉलेजचा इंग्रजी विभाग म्हणजे मी एकटीच. विलायतेच्या पार्लमेंटातल्या बाई आहेत, नाव डॉरीन. त्यांच्या मतदारसंघात एकेकाळी कापडगिरण्या होत्या, आता सगळ्या बंद. कापूस पिकतो ते गाव बघायचंय म्हणे.
सुधीर दुकानातून आला तो हेच विचारत: "लाल दिव्याची गाडी येते काय?" झेरॉक्स काढायला आलेल्या अर्ध्या बाभुळगावाला त्याने सांगून टाकलंय की माझी बायको विलायती खासदाराशी बोलणार. आता इंग्रजी अडलं तर गावभर होईल.

२४ नोव्हेंबर, बुधवार
लाल दिवा नव्हता. भाड्याची जीप, आणि साठीच्या उंच बाई, पायात मळके बूट. बेंबळा नदीपलीकडच्या गावात गेलो. कापूस फुटलाय, बाया वेचत होत्या.
कौसल्याकाकूंच्या वावरात थांबलो. पन्नाशीच्या असतील. ओटीत कापूस घेऊन बांधावर आल्या, आम्हाला पाणी दिलं आणि थेट कामाचं बोलल्या. वावर कोण बघतं, असं डॉरीनबाईंनी विचारलं. काकू म्हणाल्या, "मीच एकटी पाह्यतो. पेरणीपासून वेचणीलोक." मी म्हटलं, ऑन हर ओन. बाईंनी लिहून घेतलं.
मग काकूंनी उलट विचारलं. "अमेरिकेचं सरकार तिथल्या कास्तकाराले पैसे देते म्हणते रेडिओवर. मंग थे सस्तात इकते न आमचा भाव पडते. तुमी त्यायचे दोस्त ना? मंग दोस्ताले सांगत काहून नाई?"
हे भाषांतर करताना मला मजा आली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी मंत्री नाही, मागच्या बाकावर बसते. बोलायचं असलं की उठायचं, अध्यक्षांनी पाहिलं नाही की बसायचं, पुन्हा उठायचं.
काकू : "म्हंजे ग्रामसभेतल्या आमच्यावानी."
परतताना बाईंनी त्यांच्या आईचं सांगितलं. मागावर काम करायच्या. त्या आवाजात ऐकू येत नसे, म्हणून बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या. तेव्हा कळलं, मी बोलत असताना त्या काकूंच्या तोंडाकडे का बघत होत्या. काकूंच्याही ध्यानात आलं होतं. निघताना मी जीपमध्ये बसत होते तेव्हा माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, "थे माह्याकडं पाह्यते, तुमच्याकडं नाई. चांगली बाई हाय."
छान दिवस. खूप दिवसांनी इंग्रजीचा कोणाला तरी उपयोग झाला.

९ जानेवारी, रविवार
डॉरीनबाईंची मेल. कापसावर बोलायला वेळ मिळावा म्हणून दर आठवड्याला सोडतीत चिठ्ठी टाकतात, अजून नाव निघालं नाही. मिळाला तरी दिवसाच्या शेवटी अर्धा तास, सभागृह रिकामं, एक मंत्री उत्तरापुरता बसलेला. "पण बोललेला शब्द न् शब्द छापला जातो," असं लिहिलंय. विहारात आईला सांगितलं तर म्हणाली, रिकाम्या घरात बोलून काय फायदा. पण छापतात, म्हटलं. मग तिला पटलं.

१० फेब्रुवारी, गुरुवार
नाव निघालं! काल बोलल्या. आज सकाळी दुकानात नेटवर छापील चर्चा उघडली. ओळी एकेक करत उतरत होत्या, मी आणि सुधीर खुर्च्या ओढून. आमच्या जिल्ह्याचं नाव तिथे! वऱ्हाडचा कापूस, बंद गिरण्या, भाव. सुंदर बोलल्या आहेत.
आणि मग — "कौसल्या नावाची विधवा, जी नवऱ्यामागे एकटीने शेत सांभाळते."
मी दोनदा वाचलं. खाली आणखी आहे. दुसऱ्या एका सदस्याने मध्येच उठून विचारलंय, त्या बाईंचा पती गेल्यावर तिथल्या सरकारने काय मदत केली? डॉरीनबाईंचं उत्तर : माझ्या माहितीप्रमाणे काहीच नाही.
नामदेवकाका, म्हणजे काकूंचे यजमान, आर्णीच्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत घरी नसतात, म्हणून वावर काकू बघतात. एवढंच आहे. नोव्हेंबरपासून त्या घराशी ओळख झालीय; परवाच काका स्टँडवर भेटले, त्यांनी मला चहा पाजला.
काकूंचा दोस्तांबद्दलचा प्रश्न मात्र भाषणात कुठेच नाही.
सुधीर : "काय मदत करणार सरकार? जिवंत माणसाले?" हसत सुटला. मलाही हसू आलं. मग नाही आलं.

१३ फेब्रुवारी, रविवार
प्राचार्यांना मी काहीच बोलले नव्हते, पण त्यांनी स्वतःच नेटवर वाचलं आणि अभिमानाने वार्ताहराला बोलावलं. आज पेपरात चार कॉलम. "ब्रिटिश संसदेत घुमला विधवेचा आक्रोश." काकूंचं पूर्ण नाव, गावाचं नाव. प्राचार्यांना फोन केला, काकूंचे यजमान जिवंत आहेत म्हटलं. ते म्हणाले, "अरे! म्हणजे तो बँडमधला क्लॅरिनेटवाला?"

१४ फेब्रुवारी, सोमवार
कॉलेज सुटल्यावर तडक गावात. भीत भीतच गेले.
ओसरीवर नामदेवकाका बसलेले, शेजारी त्यांची बहीण, महागावची. पेपर तिच्या शेजाऱ्यांनी वाचून दाखवला आणि ती एस.टी.त बसून गावापर्यंत रडत आली. दारात भाऊ दाढी करत होता. आता तिने त्यांचा हात धरून ठेवला होता, सोडायला तयार नव्हती.
काकांनी स्वतः ही बातमी आर्णीला चहाच्या टपरीवर वाचली. "बँडवाले म्हणे, पाय दाखव बे, उलटे त नाई झाले? मी म्हटलं, पाहून घ्या." सगळे हसले. मग काका बहिणीकडे बघून हळूच म्हणाले, "पण मॅडम, कोन रडते थे जितेपणीच दिसलं. हे बी लय झालं."
मी माफी मागायला लागले. काकू चुलीजवळून उठून बाहेर आल्या. त्या हसत नव्हत्या.
"तुमचं नाई चुकलं. एकटी म्हटलं, एकटीच हाय मी वावरात. पण थ्या बाईनं इचारलं काहून नाई? मोटारीतून येते थो दर माणूस विधवाच शोधते." मग घरामागे हात दाखवून, "थ्या गल्लीत वनिता हाय. तिचा नवरा खरंच गेला. तिच्या दारात जीप नाई थांबली. तिचं दुःख माह्या नावानं सांगतलं. मी आता तिच्यासमोर कोन्त्या तोंडानं जाऊ?"
मी काय करू, विचारलं.
"जिथं सांगतलं तिथंच सांगावं म्हणा. पत्र नको, माफी नको. उभं राहून."
दूध-साखर घालून चहा दिला तरी. बहिणीने मलाही दोन घास खाऊ घातले. त्या घरात राग आणि पाहुणचार एकाच वेळी चालतो.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
डॉरीनबाईंना मेल पाठवली. तीनदा लिहिली. पहिली फार गोड झाली, दुसरी फार कडू. शेवटी काकूंचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत घातलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
उत्तर त्यांचं नाही, कचेरीतल्या मदतनिसाचं. फार वाईट वाटतं, बाई स्वतः कुटुंबाला पत्र लिहितील. मात्र छापील चर्चेत छपाईची चूक असेल तरच बदल होतो. सदस्याने केलेली चूक सदस्याने उभं राहूनच दुरुस्त करायची असते, आणि निवडणूक तोंडावर असताना ते "शहाणपणाचं ठरणार नाही". विरोधक खोटी विधवा, खोटी विधवा करत फिरतील.
मी "कुटुंबाला पत्र नको आहे" एवढंच परत लिहिलं. सुधीर म्हणाला, थोडं सांभाळून. म्हटलं, काकूंचं वाक्य आहे, माझं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार
दुपारी दुकानातल्या फोनवर डॉरीनबाई! सुधीर धावत घरी बोलवायला. मी तशीच, पिठाच्या हातांनी.
म्हणाल्या, तुमची मेल मी आज वाचली, मदतनिसाने आधी दाखवली नव्हती. आणि मग :
"मी विचारलंच नाही. मला उत्तर आधीच माहीत आहे असं धरून मी आले होते."
मी म्हटलं, निवडणूक आहे ना तुमची?
"आहे. आणि मी थोड्याच मतांनी निवडून आले होते."
त्यांनी नामदेवकाकांचं विचारलं. काय वाजवतात, लग्नात कोणती गाणी. वनिताबद्दलही विचारलं, पण नाव वापरणार नाही म्हणाल्या, तिला विचारल्याशिवाय नाही. मग काकूंचा दोस्तांचा प्रश्न पुन्हा सांगा म्हणाल्या. मी सांगितला. लिहून घेतलेला वाचून दाखवला, मी एक शब्द बदलायला लावला. त्यांनी बदलला.
फोन ठेवल्यावर बघते तर रिसीव्हरला कणीक.

२ मार्च, बुधवार
काही नाही. मुलांच्या परीक्षा जवळ. वनिताकडे काकू स्वतःच जाऊन आल्याचं कळलं. काय बोलल्या माहीत नाही. पण आज दोघी मिळून पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, उपटत होत्या, मी एस.टी.तून पाहिलं. बरं वाटलं, फार.

९ मार्च, बुधवार
झालं. काल बोलल्या. सकाळी सात वाजताच सुधीरने शटर उघडलं.
उतरवून ठेवते, माझ्या मराठीत :
"अध्यक्ष महोदय, गेल्या महिन्यात मी या सभागृहात एका माणसाला मारलं. ते जिवंत आहेत आणि लग्नांत क्लॅरिनेट वाजवतात. (हशा.) त्यांच्या पत्नी विधवा नाहीत. त्या शेतकरी आहेत. त्यांनी मला आपलं दुःख सांगितलंच नव्हतं. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि तो मी इथे आणला नाही, कारण मला दुःख आणणं सोपं वाटलं. त्यांचा प्रश्न असा : तुम्ही अमेरिकेचे मित्र आहात, मग मित्राला सांगत का नाही?"
इथे अध्यक्षांनी थांबवलंय. दुरुस्तीच्या नावाखाली भाषण करता येत नाही, सदस्यांचं म्हणणं नोंदलं गेलं आहे. संपलं. अर्धं पानही नाही.
पण प्रश्न छापला गेला ना. थांबवायच्या आधीच!
सुधीरने प्रिंट काढली. एकच सांगितलेली, त्याने दहा काढल्या.

१० मार्च, गुरुवार
प्रिंट घेऊन वावरात. काकू, काका, वनिता, महागावची बहीण अजून इथेच. बांधावर बसून सांगितलं. वऱ्हाडीत सांगायचा प्रयत्न केला, काकूंनी दोनदा माझी वऱ्हाडी सुधारली.
काका क्लॅरिनेटच्या वाक्यावर ताठ बसले. "नाव घेतलं माहं?" नाव नाही, म्हटलं, पण तुम्हीच. "मंग बँडवाले मानतीन काय!" प्रिंट घडी करून खिशात टाकली.
काकू : "हासले काय तिथं?"
हो, म्हटलं, छापलंय तसं.
"हासू दे. मंग गप झाले काय?"
ते छापत नाहीत, म्हटलं. पण मला वाटतं झाले असतील.
काकूंनी दुसरी प्रिंट हातात घेतली. इंग्रजी, वाचता येत नव्हतंच. बोट ठेवून विचारलं, माहं कोन्तं? मी प्रश्नाची ओळ दाखवली. वनितानेही वाकून पाहिली.
"मंत्र्यानं काय सांगतलं मंग?"
मंत्र्यांना उत्तर द्यावं लागत नाही अशा वेळी, म्हटलं. "म्हंजे अजून बाकी हाय," म्हणाल्या आणि उठून कामाला लागल्या.
येताना पिशवीत ओल्या हरभऱ्याचे हिरवे घाटे. सगळ्या वाटेने खात आले.

१२ एप्रिल, मंगळवार
डॉरीनबाईंच्या शहरात विरोधकांनी पत्रक काढलंय म्हणे : आमच्या खासदार माणसं मारतात आणि जिवंत करतात. त्यांनी मला ते मजेनेच लिहिलं आहे. दारोदार फिरताना लोक तेच विचारतात, आणि त्यामुळे त्यांना कापसाचा प्रश्न दारोदार सांगता येतो. रिकाम्या सभागृहापेक्षा जास्त लोकांनी ऐकला, असं लिहितात. निवडून येतील की नाही, त्यांनाच माहीत नाही.

५ मे, गुरुवार
आज तिकडे मतदान. ऊन असं की पाखरू बाहेर नाही. संध्याकाळी ऊन कलल्यावर गावात गेले, सुट्टीच आहे. काकांची पार्टी महागावला लग्नात. काकू आणि वनिता वावरात पेरणीसाठी धसकटं वेचत होत्या. मीही पदर खोचून तासभर वेचली, हाताला फोड आले, दोघी हसल्या.
निकाल कधी, विचारलं. उद्या सकाळी कळेल, म्हटलं.
"येईन काय निवडून?"
सांगता येत नाही, काकू. खरं बोलल्या त्याची किंमतही मोजावी लागू शकते.
काकूंनी कंबर सरळ केली. "आली निवडून, त मंत्र्याले पुन्हा इचार म्हणा. उत्तर बाकी हाय." वाकून दोन धसकटं उचलली. "अन् पडली त इकडं ये म्हणा. वेचायले बाया भेटून नाई राह्यल्या."
वनिता म्हणाली, "न मले बी भेट म्हणा, आली त."
हे सगळे निरोप आताच पाठवून आले, दुकानातून. सुधीर विचारतोय, सकाळी शटर किती वाजता उघडू.