बावीस चवळ्या आणि सासूबाईंचा रांजण

४ ऑक्टोबर
लिहिता-वाचता येणाऱ्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, म्हणून तारीख आधी. मला अक्षर येत नाही, पण माझी आठवण पक्की. लिहितोय तोए, या वॉर्डातला ब्रदर. तो सामो, मी मोसी; आमच्या जातींत थट्टेचं नातं, त्यामुळे शिव्या खाऊनही त्याला नाही म्हणता येत नाही.

माझी धाकटी बहीण, नाव तेने, डेंग्यूनं इथे पडलीय, मी सोबतीला. आरोग्यवाले म्हणतात, डास आमच्या अंगणातल्या रांजणात होतात. सासूबाईंच्या रांजणात. आल्यागेल्याला आधी पाणी, मग खुशाली, म्हणून चाळीस वर्षं मी त्याचा तळ दिसू दिला नाही. पंचवीस तारखेला ते लोक तो पालथा घालणार. तोवर मी सिद्ध करणार की डेंग्यू बंधाऱ्यापलीकडून, सामो वस्तीतून येतो. डेंग्यूच्या प्रत्येक नव्या पेशंटला घर विचारायचं. पलीकडचा असला तर भोपळ्याच्या तुंब्यात शेंगदाणा, आमच्या गल्लीतला असला तर चवळी.

६ ऑक्टोबर, सकाळ
शेंगदाणे तीन, चवळ्या दोन. जिंकलेच. तोएला म्हटलं, कुत्र्याची मुंडी खाणाऱ्यांकडून दुसरं काय येणार. तो म्हणाला, मुंडी तुम्हीच पळवलीत, आम्हाला शेपूट उरलं. हे मी न सांगताच त्यानं लिहून घेतलं.

९ ऑक्टोबर
शेंगदाणे चार, चवळ्या नऊ. आमची गल्ली हळवी, जरा अंग तापलं की हॉस्पिटल. सामो घरीच कण्हत बसतात. तेव्हा आजपासून एक शेंगदाणा म्हणजे दोन.

१० ऑक्टोबर
शेंगदाणे दोनच. बोलता बोलता मीच तोंडात टाकले असावेत. पोटातलेही धरायचे.

१३ ऑक्टोबर
तोएनं खडूनं फरशीवर आमची गल्ली काढली. ज्याच्या त्याच्या घरावर चवळी ठेवली. सगळ्या चवळ्या गोल बसल्या, मधे एक जागा रिकामी. ते आमचं अंगण. म्हटलं बघ, आमच्याकडे एकही नाही. त्यानं विचारलं, तेने कुठे राहते? म्हटलं, बहीण ती पाहुणी, पाहुण्यांना धरत नाहीत. किती दिवसांची पाहुणी, म्हणे. म्हटलं, एकोणीस वर्षांची.

१६ ऑक्टोबर
चार नंबरच्या पलंगावरची बाई म्हणाली, ती रोज आमच्याकडेच पाणी पिते, दिवसाउजेडी, बाजारातून येताना. मग? माझं पाणी गाळलेलं, आरशासारखं. डास घाणीत होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तोए म्हणाला, "आजी, हा डास तुझ्यासारखाच आहे. त्याला स्वच्छच लागतं."
हे कौतुकच झालं. दिवसभर खूश.

१९ ऑक्टोबर, दुपार
चवळ्या एकवीस. शेंगदाणे संपले, का ते विचारू नये. डोळ्यांमागे ठणका, हाडं कुटल्यासारखी. ऊन लागलं.

२० ऑक्टोबर
ऊनच.

२१ ऑक्टोबर
आता पाच नंबरचा पलंग माझा. टेस्ट मीच करू दिली, सामोंची तोंडं बंद व्हावीत म्हणून. कागद आला तसा तोएनं तुंबा माझ्यापुढे धरला. चवळी मीच टाकली. बाविसावी.

२२ ऑक्टोबर
तेने उठून बसलीय, आता ती माझ्या सोबतीला. पाहुणीकडून सेवा.

हे पान फाडून घरी सूनबाईला वाचून दाखवायचं. बिबाता, रांजण पालथा घाल. पंचवीस तारखेची वाट बघू नको, परक्याचा हात लागायला नको. आतून घास, मगच भर, वर घट्ट फडकं बांध. तळाशी काय वळवळताना दिसलं ते मला सांगू नको. आणि जेवण पाठव. बाजरीच्या पिठाचा साघबो, जरा पातळ शिजवलेला, वर भेंडीचं कालवण, त्यात आंबवलेल्या बियांचा सुंबाला सढळ हातानं. दोघांपुरतं, तोए उपाशी लिहितो. शेंगदाणे पाठवलेस तरी चालतील. चवळी मात्र महिनाभर नको.