अर्ध्या तासाचं तेल

ती. जाऊबाईंना धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सहा अंगांवरच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? सूनबाई शेकायला गरम पाण्याची पिशवी देते ना? तिकडे नवव्या मजल्यावर डास फिरकतसुद्धा नाहीत, असं तुमचे चिरंजीव फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होते. डासांनाही जिथे जावंसं वाटत नाही तिथे तुम्हाला कसं करमतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात तुमच्या इकडच्या खोल्यांना भाडेकरू बघायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं आणि फोन ठेवला.

तर तुम्ही विचारलंत, गवती चहाचं तेल कसं चाललंय, आणखी पाठवू का. खरं सांगू? ते बिघडलंय. वर्षानुवर्षं आपण संध्याकाळी परसात बसून गणवेशांची काजंबटणं केली, मला कधी डास चावल्याचं आठवत नाही. आता तीच बाटली, तेच खोबरेल, तोच वास, आणि घोटे असे सुजलेत की चपलेचा पट्टा लागत नाही. तुमच्या दिरांनी (घरात चमचा हरवला तरी ते आधी चौकशी समिती नेमतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे) याची शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका हाताला तुमचं तेल, दुसऱ्याला बाजारातलं लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं, एका पायाला कडुनिंबाचं, दुसरा पाय कोरा, अशी स्वारी परसात खुर्ची टाकून बसली. कडुनिंबाने शेजारीण पळाली, डास राहिले. निलगिरी बरीच टिकली. तुमच्या तेलाच्या हातावर सुरुवातीला एक म्हणून बसला नाही, पण अर्धा तास होतो न होतो तोच तिथे पंगत बसली. मग तो हात आणि कोरा पाय यांत काडीचा फरक राहिला नाही. समितीचा निष्कर्ष असा, की हे तेल अर्ध्या तासाचं आहे, घाम आला तर त्याहूनही कमी. पुन्हापुन्हा लावत राहिलं तर छान चालतं.

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. तुमची नजर अधू झाल्यापासून तुम्ही नुसते दोरे कापायचात आणि बोलायचात, आणि बोलता बोलता माझ्या कोपरांना, घोट्यांना बोट लावत राहायचात. मी काजात गुंतलेली. मला वाटायचं, समोरच्याला चाचपत बोलायची यांना खोडच आहे. (सासूबाईंनाही होती.)

आता मीच लावते आणि त्याच बोटांनी शिवते. परवा दुकानदाराने पांढऱ्या सदऱ्यांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. प्रत्येक काजाशेजारी पिवळा ठसा, आणि वर निरोप, की सदरे मुलांना घालायचे आहेत, चहात नाहीत. ते धुऊन पुन्हा इस्त्री करताना मला रडू आलं. सदऱ्यांसाठी नव्हे. जाऊबाई, मला परसात एकटीला बसवत नाही हो. तुमची फार आठवण येते. तुमचे दीर शेजारी बसतात, नाही असं नाही, पण ते डास मोजतात.

बाकी सगळं ठीक. सूनबाईला आशीर्वाद सांगा, गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. भाडेकरूचं लिहायचं राहिलंच. बँकेतले एक गृहस्थ येऊन गेले. खोल्या त्यांना पसंत पडल्या, लगेच राहायला यायची तयारी होती. अंधारून येत होतं, म्हणून मी त्यांना परसात खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेले. चहा मी सावकाश करते. बाहेर आले तर खुर्ची रिकामी.

ता. क. आणखी एक. चिरंजीवांना सांगा, काकू अगदी मनापासून शोधतेय, पण माणसंच टिकत नाहीत, त्याला ती काय करणार. आणि तेल पाठवू नका. बाटली अर्धी शिल्लक आहे, पण मानेच्या मागे माझा हात पोचत नाही.