उतारावर फक्त डावा

३ जून

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. भाड्याच्या सायकली ताब्यात घेतल्या. धाकट्याची सायकल यांच्या सायकलीला मागून जोडली आहे, त्यामुळे साहेब पाय न मारता नुसते हुकूम सोडतात. मुलांना सायकलवरून परदेश दाखवायची कल्पना यांची, भीती मात्र सगळी माझ्या वाट्याला आली. रस्ते गुळगुळीत, पण गाड्या सुसाट. मी सगळ्यांच्या मागे राहून हेल्मेटं मोजते. तीन भरेपर्यंत जिवात जीव नसतो.

उलट नऊ वर्षांची भिंगरीच माझी समजूत घालते. आजोबांनी सायकलच्या दुकानात महिनाभर शिकवलंय, उतारावर उजव्या ब्रेकला हात लावायचा नाही, फक्त डावा दाबायचा, असं दिवसातून दहा वेळा ऐकवते. बारा तारखेला मोठा घाट उतरायचा आहे. माथ्यावरच्या लॉजचा पत्ता आणि फोन नंबर खाली देते.

आईच्या गुडघ्यांना जपा. लोभ आहेच, तो असाच वाढता असू द्या.

तुमची ताई

८ जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हे वाचण्याआधी भिंगरीला सायकलवरून उतरव.

आज दुकानात एका गिऱ्हाइकाने बाहेरदेशी घेतलेली सायकल दुरुस्तीला आणली. सवयीने चालवून बघितली, डावा ब्रेक दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. भिंत होती म्हणून वाचलो. आपल्याकडे डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, त्या सायकलीला पुढचा होता. तुमच्या तिकडच्या सायकलीही तशाच असतात म्हणे. चाळीस वर्षं सायकली खोलतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. उतारावर नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर पोर हँडलवरून पुढे फेकलं जाईल.

तीनदा लॉजवर फोन लावला. लॉजवाल्याची भाषा मला कळेना, माझी त्याला. दुकान दुपारीच बंद करून घरी आलो. तुझ्या आईला मला पित्त झालंय एवढंच सांगितलं. पोरीला घाट पायी उतरव. रुसली तर रुसू दे.

सगळ्यात जलद टपालाने धाडतो आहे. लोभाचं पुढे लिहीन.

बाबा

१४ जून

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाचा, भिंगरी बरी आहे.

हवा बिघडणार असं कळलं म्हणून आम्ही घाट एक दिवस आधीच उतरलो. तुमचं पत्र लॉजवाल्याने काल इथे इस्पितळात आणून दिलं. दुसऱ्या वळणावर माझ्या डोळ्यांदेखत ती हँडलवरून उडाली आणि कठड्याला आपटली. कठड्यापलीकडे किती खोल होतं, ते मी यांनाही सांगितलेलं नाही. दोन तास तिने डोळे उघडले नाहीत. त्या दोन तासांबद्दल मला लिहिता येत नाही. हनुवटीला सहा टाके पडले, मनगट प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेल्मेटमुळे वाचली.

शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय म्हणाली सांगू? घाबरून मी उजवाच दाबला असणार, आजोबांनी शिकवलेलं विसरले, त्यांना कळवू नकोस. तेव्हापासून रडते आहे, आणि ते काही दुखण्याने नव्हे. तुमचं पत्र मी वाचलं आणि पर्समध्ये तळाशी दडवलं. ती तुम्हाला देव मानते. तिला कसं सांगू? आणि खरं सांगते बाबा, काल दिवसभर मला तुमचा फार राग आला.

लोभ कमी झालेला नाही, पण आज त्याबद्दल लिहवत नाही.

ताई

१९ जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

राग तुझ्या हक्काचा आहे. तुझ्या आईलाही खरं सांगितलं.

पण ते पत्र बाहेर काढ. मला देवपण नको. माझी चूक आपलीच समजून पोर वाढली, तर मला त्या कठड्यापेक्षा त्याची भीती जास्त आहे. पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखव.

भिंगरे, तू काहीही विसरली नव्हतीस. मी सांगितलं तेच केलंस, म्हणून पडलीस. चूक आजोबांची आहे. आता मी कुणालाही डावा-उजवा शिकवत नाही. आधी सायकल हाताने ढकलून कोणता ब्रेक कोणतं चाक धरतो ते बघा, असं सांगतो. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

आजोबा