सतरावी ओळ

मखमलाबाद, नाशिक
७ मार्च २००८

संघर्ष,

द्राक्षांची पेटी परत पाठवायची रीत कुठल्या गावची? चार किलोची पेटी, एकेक घड मी स्वतः निवडून भरलेला, वर निळा कागद. कुंदन मोटरसायकलवरून देवळालीला तुझ्या घरी देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी तीच पेटी भाजीच्या टेम्पोतून माझ्या दारात. तुझ्या आजीने, धोंडाबाईने, वरचा कागदसुद्धा उचकटला नव्हता. टेम्पोवाल्याकडे निरोप मात्र दिला: "आमच्या पोरावर आळ घेणाऱ्या घरचं आम्हाला गोड लागत नाही." त्याने तो पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर सांगितला. त्या माणसाला हळू बोलता येत नाही.

असो. आधी विचारायचं ते आता विचारते. तू बरा आहेस ना? हॉटेलात वेळेवर जेवतोस, की दुसऱ्यांना वाढून स्वतः उभ्याउभ्या खातोस? तुला आशीर्वाद लिहावा की जयभीम, ते ठरेना, म्हणून दोन्ही लिहिते. दोन्ही घे.

अक्षर वाकडं आहे. तिसरीनंतर बापाने शाळेतून काढलं ते काढलंच. कुंदन म्हणाला, तू सांग, मी लिहितो. पण हे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही, म्हणून चार दिवस लागले.

इकडे काढणी चालू आहे. व्यापारी रोज येतो, मणी चाखतो, तोंड वाकडं करतो आणि जाताना पिशवी भरून नेतो. देवराम सकाळी बागेत शिरतो तो दुपारी भाकरीलाच बाहेर येतो. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण बैलासारखा राबतो आणि बोलतोही तेवढंच. कुंदनने संक्रांतीला काठी सोडली. परवा ट्रॅक्टरवर चढला. मी त्याला शिव्या दिल्या आणि आत जाऊन देवीपुढे साखर ठेवली.

हे त्याने तुला फोनवर सांगितलंच असेल. मग म्हातारी कशाला कागद काळा करते, म्हणशील. दम धर.

येत्या चैत्र पौर्णिमेला कुंदनला सप्तशृंगगडावर न्यायचं आहे. नवस बोलून दीड वर्ष झालं. पण हा गाढव म्हणतो, "संघर्ष आला तर चढतो." मी म्हणाले, "तो देवीला मानत नाही, त्याचं तिथं काय काम?" तर म्हणतो, "आजी, नवस तू बोललीस. चढायचा पाय त्याने केलाय."

देवराम जेवत होता. तो म्हणाला, "ज्याने गुडघा मोडला, त्यानेच पाय केला व्हय?"

कुंदन माझ्याकडे बघत राहिला. माझी भाकरी तव्यावर करपली तरी बघत राहिला.

समुद्राचं मला आताआता कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. तुम्ही दोघं गोव्यात एका हॉटेलात कामाला, एवढंच मला ठाऊक. तिथला कोणी परदेशी पाहुणा दाराएवढी फळी ठेवून गेला आणि आमचं पोर त्या फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायला शिकलं. शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला, त्याला वाटलं समुद्र म्हणजे मोठी विहीर. लाटेने उलटा केला, फळी गुडघ्याखाली बसली आणि हाड फुटलं. तू स्वयंपाकघरात कांदा चिरत होतास. सुरी टाकून धावलास. तुला पोहता येत नाही, हे कुंदनने मला मागच्या आठवड्यात सांगितलं. हनुवटीपर्यंत पाण्यात गेलास म्हणे, आणि फळीची दोरी हाताला लागली ती सोडली नाहीस. मी म्हणाले, पोहता येत नव्हतं तर गेला कशाला? कुंदन म्हणाला, "आजी, ते त्याला नंतर आठवलं."

मला हसू आलं. मग हसू गेलं.

तिथे कच्चं प्लास्टर घालून तू त्याला नाशिकला आणलंस. रात्र-दिवसाचा प्रवास, बसचं शेवटचं बाकडं, त्याचा पाय तुझ्या मांडीवर. दवाखान्यात पोचलास तेव्हा तुझ्याच पायाला मुंग्या आलेल्या, धड उभं राहता येईना. नर्सने पेशंट कोण म्हणून विचारलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी आपण बाहेर बसलो होतो, आठवतं? मी पदर पसरून बोलले, आई, येत्या चैत्राला हा स्वतःच्या पायाने तुझ्या पाचशे पायऱ्या चढेल, तुला खण-नारळ चढवीन. मी म्हणाले, "तू काही मागत का नाहीस?" तू म्हणालास, "आजी, डॉक्टरांनी सांगितलेलं पाठ करतोय. विसरलो तर पुन्हा सांगणार नाहीत." मला राग आला होता. वाटलं, याला कशाचंच काही नाही.

मग तू गोव्याची नोकरी सोडलीस, देवळाली कॅम्पातल्या एका बेकरीत लागलास. पहाटे पाव, दुपारनंतर दोन बस बदलून मखमलाबाद. व्यायामाच्या बाईने दिलेल्या कागदावर गुडघ्याची चित्रं होती, ती बघून रोज तेवढाच वाकवायचास, बोटभर जास्त नाही. कुंदन ओरडला की तू त्याला बेकरीतल्या मालकाची नक्कल करून दाखवायचास. आणि तो जास्त वाकवायला निघाला की म्हणायचास, "कागदात नाही." मला वाटायचं, हा कागदाचा नंदीबैल. असं कागद बघून कुठे पोर उभं राहतं?

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी चार दिवस लागले.

माघ सरत आला होता. चैत्राला दीड महिना उरला आणि कुंदनचा गुडघा काटकोनातही येईना. देवीला दिलेली तारीख जवळ येत चालली. देवीने तारीख मागितली नव्हती, ती मीच घालून घेतली होती, पण हे आज सुचतं. तू बेकरीत असताना एका सकाळी मी हाडवैद पुंजारामला बोलावलं. आमच्या घरातली तीन हाडं त्याने बसवलीत. देवरामचं मनगट, माझा खांदा, कुंदनच्या आजोबांची बरगडी. माझा त्याच्यावर भरवसा होता आणि अजूनही आहे, कारण चूक त्याची नव्हती. त्याने पाय हातात घ्यायच्या आधी विचारलं, "आत लोखंड हाय का? लोखंड असलं तर म्या हात लावत नाय."

मी म्हणाले, "नाय."

कुंदन आतल्या खोलीत होता, त्याच्या कानावर नाही पडलं. पट्टी होती, सहा स्क्रू होते. एक्स-रेचा फोटो मी डोळ्याने बघितला होता. पण खरं सांगितलं तर पुंजाराम उठून जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्याने तेल लावलं आणि वाकवला. आतून आवाज आला. तो आवाज मला अजून येतो, एवढंच लिहिते. पुढे लिहीत नाही.

पुंजाराम पाटाच्या वाटेने निघून गेला. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा. दुसरं ऑपरेशन. मी कुंदनला माझी शपथ घातली, बापाला सांगायचं नाही. एवढा शिकलेला पोरगा, पण शपथ मोडली तर आजी मरेल म्हणून अजून पाळतो.

दवाखान्यातून आल्यावर देवरामने ओट्यावर विचारलं, "गुडघा कोणी वाकवला?" पॅकिंगच्या बायका हातात कात्र्या घेऊन उभ्या. तू पायरीवर, बेकरीच्या पिशवीत कुंदनसाठी खारी घेऊन आलेला. मी तुझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "त्याला विचार. रोज कोण वाकवतं?"

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मग खिशातला तो चित्रांचा कागद काढलास, ओट्यावर ठेवलास, वारा होता म्हणून त्यावर खडा ठेवलास आणि गेलास. देवराम मागून ओरडला, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. तू ठेवलाही नाहीस.

तू आमच्यातल्या कोणाचा पोरगा असतास तर माझं बोट इतक्या सहज उठलं असतं का? हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर लिहीत नाही. तुला ठाऊक आहे आणि धोंडाबाईला तर पेटी बघूनच ठाऊक होतं.

तुला वाटतं पुढचं मला माहीत नाही. माहीत आहे. मे महिना लागायच्या आत कुंदन रोज संध्याकाळी कुबड्या घेऊन "पाटावर जरा वाऱ्याला जातो" म्हणायला लागला. मी मागच्या दाराला उभी राहून बघितलं. द्राक्षाच्या सतराव्या ओळीत, घरापासून सगळ्यात लांब, तू मांडवाच्या लोखंडी अँगलना दोन्ही अंगांनी कमरेइतक्या उंचीवर बांबू बांधले होतेस, दवाखान्यात चालायला शिकवायच्या दांड्या असतात तसे. मधे कुंदन. पुढे तू, उलटा चालत, हातात काही नाही, नुसते हात पुढे. घरात पाय ठेवायचा नाही म्हटलं होतं. बागेचं कोणी काही म्हटलं नव्हतं.

तेव्हा छाटणी चालू होती. मजूर ओळ संपवत संपवत सतरावीकडे यायला लागले. पानं गेली असती तर सगळं उघडं पडलं असतं. मी देवरामला सांगितलं, सतराव्या ओळीत जनावर दिसलं, हातभर लांब, फणा काढलेलं. ती ओळ शेवटी घ्या. आठ दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही. पुढच्या फुटीने पुन्हा आडोसा झाला. तुम्ही दोघं मनात म्हणत असाल, नशीब चांगलं. नशीब नव्हतं रे, मी होते. खोटं बोलायची सवय होतीच, एकदा कामाला आली.

आणि एवढं करूनही तुला ओट्यावर ये म्हणाले नाही. पावसात तू पाटाच्या कडेने चिखलातून यायचास ते बघायची आणि दार लावून घ्यायची. सहा महिने. दिवाळीला त्याला एका काठीवर आणून सोडलंस आणि गोव्याला परत गेलास.

पेटी परत आली त्या दिवशी मी कुंदनला विचारलं, "पुंजारामचं संघर्षला ठाऊक आहे?" म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगितलं मी. बापाला सांगायचं नाही अशी शपथ होती, त्याला सांगायचं नाही अशी नव्हती." मी म्हणाले, "मग तो बोलला का नाही?" म्हणाला, "मी बोल म्हटलं तर म्हणाला, राहू दे. मला या घरात राहायचं नाहीये, म्हातारीला राहायचंय."

संघर्ष, मी पासष्ट वर्षांत पुष्कळ देवमाणसं बघितली. बहुतेकांना आपण देवमाणूस आहोत हे माहीत असतं, म्हणून ती फार सोसवत नाहीत. तू नुसता बांबू बांधत राहिलास. मी तुला कागदाचा नंदीबैल म्हणत होते. माझा देवीवर एवढा विश्वास, तरी मला दीड महिना धीर धरवला नाही. तू कोणाला हात न जोडता सहा महिने धरलास.

काल शिवरात्र झाली. आज सकाळी बायका पॅकिंगला बसल्या, देवराम चहा पीत होता. मी त्याच ओट्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लोखंडाचं सुद्धा. देवरामने कप खाली ठेवला. फुलाबाई कात्री न थांबवता म्हणाली, "आम्हाला ठाऊक हाय की आक्का. पुंजारामला पाटाची वाट आम्हीच दावली व्हती. तुम्ही कधी बोलताय तेच बघत व्हतो."

वर्षभर मी त्यांना कामावरून टाकून बोलत होते आणि त्या मान खाली घालून हे पोटात ठेवून बसल्या होत्या.

देवराम उठला, रिकामी पेटी घेतली आणि सतराव्या ओळीत गेला. तासाने भरून आणली. माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "कुंदनला पाठवू नको. तू जा." बांबू अजून आहेत तिथे. सोडू नका म्हणाला.

तर उद्या मी बसने देवळालीला जाते. धोंडाबाईने दारात उभं केलं तर उभी राहीन. गुडघे दुखतात, पण ते तिला सांगणार नाही. पेटी परत दिली तर परवा पुन्हा नेईन. हंगाम अजून महिनाभर आहे.

तू चैत्र पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ये. पाटाच्या बाजूने नाही, समोरच्या रस्त्याने. देवराम ओट्यावर असेल, तो काही बोलणार नाही, पण बसायला सतरंजी टाकेल. गडावर देवीला हात जोडू नकोस, तुला कोणी सांगणार नाही. कुंदनच्या पुढे उलटा चाल, तेवढं पुरे. मी जमेल तिथवर चढेन आणि पायरीवर बसून राहीन. देवीला माझं काय सांगायचं ते सांगून झालंय.

तुझ्यावर खोटा आळ घेतलेली,
रंगूबाई

ता.क. तुझा चित्रांचा कागद माझ्याकडे आहे, खडाही. आल्यावर घेऊन जा. आणि उत्तर तू लिहायचं. धोंडाबाईचं मी तिच्या तोंडून ऐकीन, कुंदनला फोनवर "बघतो" म्हणून कटवू नकोस. कार्डावर माझं नाव घाल आणि ठळक अक्षरात लिही, मला स्वतः वाचायचं आहे.